अवतरणातला ‘मी’

‘तो म्हणाला, मी उद्या येतो.’

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं तरी त्यातला ‘मी’ म्हणजे मी नव्हे, हे ऐकणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. मध्ये ‘की’ घातला, ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ असं म्हटलं, तरी फरक पडत नाही. तो ‘मी’ माझ्या वाक्यात आला खरा, पण येताना आपला माणूस बरोबर घेऊन आला. ‘उद्या’चं मात्र तसं नाही. त्याचं बोलणं परवा झालं असेल आणि मी ते आज सांगत असेन, तर हा उद्या कुठला? कालच होऊन गेलेला, की अजून यायचा आहे तो? तिथे आपण अडखळतो आणि ‘म्हणजे काल येणार होता’ अशी पुस्ती जोडतो. एकाच वाक्यातले हे दोन शब्द. एक आपली मूळ जागा सोबत घेऊन फिरतो, दुसरा जिथे पोचेल तिथलाच होऊन बसायला बघतो.

मी एका फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषेच्या कंपायलरवर, म्हणजे लिहिलेला कोड संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणणाऱ्या प्रोग्रॅमवर, काम करते. हे वाक्य माझ्या डोक्यात येऊन बसलं ते तिथल्या एका बगमुळे. बग तसा छोटा. शेवटी झालेल्या दुरुस्तीच्या ओळी मोजल्या तर तीसच्या आत भरतील. पण त्याने माझे जवळजवळ तीन आठवडे घेतले, आणि त्याच्याबद्दल मला नीट, सावकाश लिहायचं आहे, कारण ‘हे नाव कोणाचं?’ हा आमच्या कामातला मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटणारा प्रश्न आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. बहुतेक प्रोग्रॅम आकड्यांवर, मजकुरावर, याद्यांवर काम करतात. मेटाप्रोग्रॅमिंगमध्ये प्रोग्रॅम कोडवरच काम करतो; कोड घेतो आणि कोड तयार करून देतो. फंक्शनल भाषांमध्ये असा कोड लिहिण्याची रुळलेली रीत म्हणजे अवतरण. कोडचा तुकडा विशिष्ट चिन्हांमध्ये घातला की तो चालत नाही, नुसता धरून ठेवला जातो, दुसऱ्याचं बोलणं आपण अवतरणात धरतो तसा. त्या तुकड्यात मोकळ्या जागा सोडता येतात आणि तिथे दुसरे तुकडे आणून बसवता येतात. याला स्प्लाइस म्हणतात. हे सगळं जोडकाम कोड कंपाइल होतानाच उरकणाऱ्या फंक्शनला मी इथे मॅक्रो म्हणणार आहे.

दुसरी गोष्ट नावनिश्चितीची, म्हणजे नेम रिझोल्यूशनची. कोडमध्ये ‘क्ष’ दिसला की हा कोणता क्ष, याचा छडा लावायचा. बाहेर एक क्ष असतो, फंक्शनच्या आत दुसरा, त्याच्याही आत तिसरा. आतला बाहेरच्याला झाकतो. कानामागून आली आणि तिखट झाली, असाच इथला न्याय आहे, आणि तो योग्यही आहे. कंपायलरच्या ज्या भागात हा निवाडा होतो त्याला रिनेमर म्हणतात, कारण तो खरोखरच नावं बदलतो. आमचा रिनेमर प्रत्येक स्थानिक व्हेरिएबलला एक क्रमांक देतो. त्यानंतरच्या टप्प्यांना अक्षरांशी काही देणंघेणं उरत नाही. क्ष-५ वेगळा आणि क्ष-९ वेगळा, एवढं त्यांना पुरतं. आकडे ताडून बघणं अक्षरं ताडून बघण्यापेक्षा वेगाने होतं, आणि एकदा निवाडा झाला की पुढे कोणाला स्कोप, म्हणजे कुठलं नाव कुठवर चालतं त्याच्या हद्दी, उकरत बसावं लागत नाही.

आता बगकडे येते.

एका वापरकर्त्याने आम्हाला तक्रार पाठवली. तक्रार म्हणणंही जड जातं. पहिलंच वाक्य होतं, ‘बहुतेक माझंच काहीतरी चुकत असणार.’ सोबत चाळीसेक ओळींची फाइल. त्यात एका लायब्ररीतला, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या संग्रहातला, मॅक्रो वापरला होता. मॅक्रोचं काम साधं: एक किंमत घ्यायची आणि ती ठरवून दिलेल्या मर्यादांमध्ये बसवायची. खालच्या मर्यादेखाली गेली तर खालची मर्यादा, वरच्या मर्यादेपलीकडे गेली तर वरची, नाहीतर तीच किंमत. वाचायला सोपं जावं म्हणून मी तो मराठीत लिहिते. मूळ भाषेत शब्द वेगळे होते, रचना हीच होती:

धरा व = [किंमत]
जर व < [किमान] तर [किमान]
नाहीतर जर व > [कमाल] तर [कमाल]
नाहीतर व

चौकटी कंसातल्या मोकळ्या जागा. हे साधं फंक्शनही असू शकलं असतं. पण मर्यादा आधीच ठाऊक असलेला आकडा असेल तर तपासणीचं काही काम कंपाइल होतानाच उरकावं, अशी लायब्ररी लिहिणाऱ्याची इच्छा होती, आणि ती रास्त होती. पहिल्या ओळीत किंमत ‘व’मध्ये धरून ठेवली आहे, तीही विचारपूर्वक: किंमत काढायला वेळ लागत असेल तर ती एकदाच काढली जावी.

वापरकर्त्याच्या फाइलमध्ये ‘छत’ नावाचं व्हेरिएबल होतं, त्याची किंमत १००. ‘वाचन’ नावाचं दुसरं, त्याची किंमत १४०. त्याने मॅक्रोला शून्य, छत आणि वाचन दिलं. उत्तर १०० यायला हवं. त्याला १४० येत होतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. वरची मर्यादा जणू कोणी उचलून नेली होती.

आणि त्या फाइलमध्ये आणखी एक ओळ होती. ‘धरा रिकामं = ०’. हे ‘रिकामं’ पुढे कुठेही वापरलेलं नव्हतं. शेजारी त्याने टीप लिहिली होती: ‘ही ओळ ठेवली की उत्तर बरोबर येतं. का ते कळत नाही. काढू नका.’

ही टीप मी बऱ्याचदा वाचली. एक माणूस आपल्या बरोबर असलेल्या कोडसमोर बसून, ओळी घालून काढून बघत, शेवटी ज्या ओळीला काही अर्थ नाही अशा ओळीवर येऊन थांबला होता, आणि दोष स्वतःच्या माथी घेत होता. कंपायलरवर काम करणाऱ्या माणसाला याहून जास्त टोचणारं दुसरं काही असेल असं मला वाटत नाही. कोड चुकला तर कंपायलरने सांगायचं, हा करार असतो. इथे करार आमच्या बाजूने मोडला होता, आणि तो मोडल्याची खूणही आम्ही कुठे ठेवली नव्हती.

मी ती ‘काढू नका’ची ओळ काढून फाइल माझ्या मशिनवर चालवली. उत्तर आलं १००.

पुन्हा चालवली. १००. मी त्याला तसं कळवलं. आज ते कळवण्याची घाई केल्याचं वाईट वाटतं, कारण ‘माझ्याकडे तर बरोबर येतंय’ हे वाक्य ऐकणारा माणूस आणखीच स्वतःवर शंका घेतो. पण त्याने चिकाटीने उत्तर पाठवलं: मी लायब्ररी वेगळी कंपाइल करून ठेवतो, तुम्हीही तसंच करता का? मी तसं करत नव्हते. मी लायब्ररी आणि फाइल एकाच वेळी, एकाच कंपायलरच्या फेरीत कंपाइल केली होती. मग त्याच्यासारखं केलं. आधी लायब्ररी, कंपायलर बंद, मग नव्याने सुरू करून फाइल. उत्तर १४०.

इथवर दोन दिवस गेले. पुढचे चार दिवस मी साप म्हणून भुई धोपटली. संशय ऑप्टिमायझरवर, म्हणजे अनावश्यक काम गाळून कोड वेगवान करणाऱ्या भागावर, होता, कारण मर्यादेची तपासणी नाहीशी होणं हे त्याच्याच कामासारखं दिसतं. तपासणी अनावश्यक आहे असा चुकीचा समज करून घेऊन त्याने ती उडवली असणार. ऑप्टिमायझर पूर्ण बंद केला. १४०. त्याचा एकेक टप्पा उलटसुलट करून पाहिला. १४०. मग मधल्या टप्प्यावरचा कोड छापून पाहिला, मॅक्रो उलगडल्यानंतर लगेचचा:

धरा व = वाचन
जर व < ० तर ०
नाहीतर जर व > छत तर छत
नाहीतर व

यात काय चुकलं आहे? काहीच नाही. हा कोड हाताने चालवला तर उत्तर १०० येतं. तरीही तो चालवल्यावर १४० येत होतं. मग मी छत आणि व यांच्या किमती छापायला मध्ये एक ओळ घातली, त्या ओळीसाठी एक छोटं स्थानिक नाव लागलं, आणि लगेच उत्तर १०० झालं. ओळ काढली, १४०. त्या ठिकाणी नुसती कॉमेंट लिहिली तर १४०च. कॉमेंटने फरक पडत नाही, नवीन नावाने पडतो. हे लक्षात आल्यावर ‘रिकामं’ची ओळ वेगळीच दिसायला लागली. तिची किंमत काय, ती वापरली जाते की नाही, याला काही महत्त्व नव्हतं. महत्त्व होतं ते ती एक नाव जन्माला घालत होती याला.

आमच्या छापणाऱ्या भागात एक जुना पर्याय आहे, नावांबरोबर त्यांचे क्रमांकही दाखवण्याचा. क्वचित कोणी वापरतं, कारण पानभर आकडे येतात आणि वाचवत नाही. मी तो चालू केला.

धरा व-१७ = वाचन-१८
जर व-१७ < ० तर ०
नाहीतर जर व-१७ > छत-१७ तर छत-१७
नाहीतर व-१७

व-१७ आणि छत-१७. अक्षरं दोन, क्रमांक एक. मघाशी सांगितलं तसं पुढच्या टप्प्यांना अक्षरांशी देणंघेणं नसतं. त्यांच्या दृष्टीने ही एकच वस्तू. ‘१७ हा १७ पेक्षा मोठा आहे का?’ नाही. मग १७च परत द्या. वरची मर्यादा स्वतःशीच ताडून पाहिली जात होती. चार दिवस मी ज्या सुवाच्य कोडकडे बघत होते तो आमच्याच छपाईने माझ्यासाठी नीटनेटका करून दिलेला होता. खरा निवाडा त्याच्याखाली, आकड्यांत होता.

कारण मग तासाभरात सापडलं. कंपायलर सुरू झाला की क्रमांक शून्यापासून मोजतो. लायब्ररी कंपाइल होताना ‘व’ला १७ मिळाला आणि अवतरण त्या क्रमांकासकट इंटरफेस फाइलमध्ये, म्हणजे लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये, साठवलं गेलं. नंतर वापरकर्त्याची फाइल कंपाइल करायला कंपायलर नव्याने सुरू झाला, पुन्हा शून्यापासून मोजू लागला, आणि त्याच्या फाइलमधल्या ‘छत’ला योगायोगाने १७च मिळाला. ‘रिकामं’ची ओळ घातली की सगळे क्रमांक एकेकाने पुढे सरकायचे, छत १८ व्हायचं आणि टक्कर टळायची. मी सगळं एकाच फेरीत कंपाइल केलं तेव्हा मोजणी अखंड चालू राहिली, म्हणून माझ्याकडे कधी टक्करच झाली नाही. आमच्या सगळ्या टेस्ट एकाच फेरीत चालत. त्या वर्षानुवर्षं हिरव्या होत्या.

या जातीच्या बगला नाव आहे, कॅप्चर. एखादं नाव ज्याचं आहे त्याच्याकडे न जाता वाटेत दुसऱ्याच कोणाच्या हाती लागतं. हे दुखणं संगणकापेक्षाही जुनं आहे. अलोन्झो चर्च यांनी १९३०च्या दशकात लॅम्डा कॅल्क्युलस, म्हणजे फंक्शनांचं गणित, मांडलं, तेव्हापासून एका राशीत दुसरी राशी भरताना नावं एकमेकांत अडकू नयेत याची काळजी घ्यावी लागते, आणि लॅम्डा कॅल्क्युलस शिकणारा प्रत्येक जण एकदा तरी या पायरीवर घसरतो. डच गणितज्ञ निकोलास डी ब्रॉइन यांनी १९७२ साली स्थानिक नावं काढूनच टाकली: नावाऐवजी ‘इथून बाहेर मोजत गेलं तर कितवा’ हा आकडा लिहायचा. नावच नाही तर अडकणार काय, हा विचार सुंदर आहे. पण तुकडा एका जागेहून दुसऱ्या जागी नेताना ते आकडे सरकवावे लागतात, आणि सरकवताना हात चुकला की तेच दुखणं दुसऱ्या रूपात परत येतं.

लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सुरुवातीच्या काळातली एक हकीगत मला फार आवडते. लिस्पचे जनक जॉन मॅकार्थी यांनी ती १९७८ साली लिस्पचा इतिहास सांगताना नोंदवली आहे. जेम्स स्लेगल यांनी एक फंक्शन लिहिलं, त्याला दुसरं फंक्शन आर्ग्युमेंट म्हणून दिलं, आणि उत्तर चुकीचं आलं. आत दिलेल्या फंक्शनमधलं नाव ते फंक्शन लिहिलं त्या जागी न शोधता जिथे चाललं त्या जागी शोधलं जात होतं. मॅकार्थींना आधी हा किरकोळ बग वाटला. स्टीव्ह रसेल करतील दुरुस्त, असं त्यांनी धरलं. रसेल यांनी दुरुस्त केलाही, पण त्यासाठी फंक्शनसोबत त्याचा जन्मस्थळीचा परिसरही पाठवण्याची युक्ती शोधावी लागली. म्हणजे ‘मी’बरोबर त्याचा माणूस पाठवावा लागला. १९७५ साली जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी स्कीम भाषा केली तेव्हा लिहिल्या जागेचाच अर्थ खरा हा नियम त्यांनी भाषेच्या पायातच घातला. फंक्शनांपुरता हा प्रश्न तिथे मिटला.

मॅक्रोंचा मिटला नव्हता. टिमथी हार्ट यांनी लिस्पमध्ये मॅक्रो आणण्याचा प्रस्ताव मांडला तो १९६३ साली. त्यानंतरची जवळजवळ पंचवीस वर्षं मॅक्रो लिहिणारे लोक कॅप्चर टाळण्यासाठी स्वतःच सावध राहत. कोणाला सुचणार नाही अशी विचित्र नावं ठेवायची, किंवा जेनसिम नावाच्या सोयीने दर वेळी कोरं नाव बनवून घ्यायचं. हे लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर सोडलेलं होतं, आणि शिस्तीवर सोडलेली गोष्ट कधी ना कधी राहून जाते. १९८६ साली यूजीन कोलबेकर, डॅनियल फ्रीडमन, मॅथियस फेलायझन आणि ब्रूस डूबा यांनी ही जबाबदारी लिहिणाऱ्याच्या डोक्यावरून उचलून मॅक्रो उलगडणाऱ्या यंत्रणेवर टाकली. त्यांच्या रीतीत उलगडण्याच्या प्रत्येक पायरीला नावांवर वेळेचा शिक्का बसतो. मॅक्रोने आणलेलं नाव आणि वापरणाऱ्याचं नाव यांच्यावरचे शिक्के वेगळे, म्हणून अक्षरं सारखी असली तरी घोटाळा नाही. या गुणाला त्यांनी हायजीन म्हटलं. मराठीत स्वच्छता म्हणता येईल, पण मला शुचिता हा शब्द जास्त जवळचा वाटतो. आपलं आणि दुसऱ्याचं सरमिसळ होऊ न देणं हा अर्थ त्यात आहे. हॅस्केल या फंक्शनल भाषेत टिम शीअर्ड आणि सायमन पेटन जोन्स यांनी २००२ साली टेम्प्लेट हॅस्केल ही मेटाप्रोग्रॅमिंगची सोय आणली, त्यातली अवतरणं हाच शिरस्ता पाळतात. रॅकेट भाषेसाठी मॅथ्यू फ्लॅट यांनी २०१६ साली पुन्हा नव्याने मांडणी केली, ज्यात प्रत्येक नावासोबत ते कोणकोणत्या स्कोपमधून आलं त्यांचा संच फिरतो. इतकी वर्षं, इतकी निष्णात माणसं, आणि प्रश्न तोच: हा शब्द कोणाचा?

आमचाही कंपायलर शुचिता पाळतो असं आम्ही सांगत होतो. ते खोटं नव्हतं. वापरकर्त्याने स्वतःच्या व्हेरिएबलला ‘व’ हेच नाव दिलं असतं तरी अक्षरांमुळे कधीच घोटाळा झाला नसता, कारण क्रमांक होते. आम्ही अक्षरांवर विश्वास ठेवायचा नाही म्हणून क्रमांक आणले, आणि मग क्रमांकांवर पूर्ण विश्वास ठेवला. १७ हे सुद्धा एक नावच आहे, त्यालाही ‘कुठला १७?’ असं विचारायला हवं, हे राहून गेलं. आकडा दिसला की माणसाला तो आपोआप एकमेव वाटतो.

पहिली दुरुस्ती मी दुपारभरात लिहिली. क्रमांकाला मॉड्यूलचं, म्हणजे तो कोडच्या ज्या स्वतंत्र भागातला त्याचं, नाव चिकटवायचं: लायब्ररीचा १७ आणि फाइलचा १७ वेगळे झाले. वापरकर्त्याची फाइल बरोबर चालली. मी ती तपासायला माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे पाठवली. त्यांनी ती वाचली आणि एवढंच विचारलं, “अगं, हे ‘व’ आपण किती वेळा तयार करतो?”

मी म्हटलं, “एकदा. लायब्ररी कंपाइल होते तेव्हा.”

“आणि मॅक्रो किती वेळा चालतो?”

मी काही बोलले नाही. ते म्हणाले, “एक मॅक्रो लिहून बघ. एकात एक फिरणारे दोन फेरे तयार करणारा. स्वतःलाच बोलावणारा. मग आपण बोलू.”

मी लिहिला. मॅक्रो एका अवतरणात ‘प्रत्येक इ साठी’ असा फेरा तयार करतो, त्याच्या पोटात पुन्हा स्वतःला बोलावतो, आणि सगळ्यात आत गेल्यावर बाहेरून आलेल्या सगळ्या ‘इ’ची यादी करून तक्त्यातलं ते घर भरतो. ४ बाय ४ चा तक्ता घेतला. बाहेरचा फेरा ओळींचा, आतला स्तंभांचा; १६ घरं भरायला हवीत. भरली फक्त ४. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत, तिरप्या रेषेत, प्रत्येक घर चार-चारदा भरलेलं आणि बाकीचा तक्ता कोरा. दोन्ही फेऱ्यांचा ‘इ’ एकाच अवतरणातून आलेला, म्हणून दोघांचा क्रमांक एक. ओळ विचारली की आतल्या फेऱ्याचा ‘इ’ उत्तर देत होता, स्तंभ विचारला तरी तोच. मॉड्यूलचं नाव चिकटवून इथे काहीच होणार नव्हतं, कारण दोघांचं मॉड्यूलही एकच.

तो तिरपा तक्ता मी स्क्रीनवर बराच वेळ तसाच ठेवला होता. बग सहसा असा दिसत नाही. एरवी तो कुठेतरी खोल एखाद्या चुकीच्या आकड्यात लपलेला असतो. इथे त्याने आपलं चित्रच काढून दाखवलं होतं.

चूक साठवण्याच्या पद्धतीत नव्हतीच, ती अवतरण म्हणजे काय याच्या आमच्या समजुतीत होती. आम्ही अवतरण म्हणजे तयार कोडचा फोटो मानत होतो. ते खरं तर कोड तयार करण्याची कृती आहे. कृती जितक्या वेळा कराल तितक्या वेळा त्यातली स्थानिक नावं नव्याने जन्माला यायला हवीत. प्रत्येक ‘व’ त्या त्या उलगडण्यापुरता, कोरा.

तेही लिहिताना मी एकदा चुकले, आणि ती चूक सांगण्यासारखी आहे. मी आधी मोकळ्या जागा भरून घेत होते आणि मग संपूर्ण तुकड्यातले १७ शोधून त्यांना नवा क्रमांक देत होते. उत्तर पुन्हा १४०. कारण तोवर वापरकर्त्याचं छत त्या तुकड्यात येऊन बसलेलं असायचं, त्याच्याही अंगावर १७ असायचा, आणि माझं नवं नाव दोघांनाही मिळायचं. दोन रंगांचे धागे एकदा एकत्र पिळले की कुठला कोणाचा हे विचारून उपयोग नसतो. नावं बदलायची ती आधी, अवतरणातल्या मूळ मजकुरातली, मोकळ्या जागा मोकळ्या असतानाच. मग भरायच्या. येणाऱ्या तुकड्याला हातही लावायचा नाही, तो आपली नावं घेऊन येतो आणि ती त्याचीच राहतात. ओळींची अदलाबदल एवढीच, पण सगळी दुरुस्ती त्या क्रमात होती.

मूळ अक्षरं आम्ही तशीच ठेवली आहेत. एरर मेसेजमध्ये माणसाला त्याने लिहिलेलं ‘छत’च दिसलं पाहिजे, ‘५२’ नव्हे. फक्त आता एका तुकड्यात दोन वेगळ्या अक्षरांना एकच क्रमांक दिसला तर कंपायलर तिथेच थांबतो आणि बोंब मारतो. ही तपासणी स्वस्त आहे. आधीपासून असती तर त्या माणसाला ‘माझंच चुकत असणार’ असं लिहावं लागलं नसतं. टेस्टमध्येही आता लायब्ररी मुद्दाम वेगळ्या फेरीत कंपाइल होते, आणि दोन्हीकडचे क्रमांक एकमेकांवर आदळावेत अशीच मोजणी लावून दिलेली आहे. टक्कर होण्याची वाट बघण्यापेक्षा ती रोज घडवून आणलेली बरी.

‘उद्या’चं काय, हा प्रश्न उरतो. कधीकधी मॅक्रो लिहिणाऱ्याला खरोखरच हवं असतं की त्याने लिहिलेलं नाव वापरणाऱ्याच्या जागी जाऊन तिथलं व्हावं. टेम्प्लेट हॅस्केलमध्ये यासाठी दोन वेगळ्या सोयी आहेत. न्यूनेम कोरं नाव देतं, जे कोणाच्याही हाती लागत नाही. मेकनेम नुसती अक्षरं देतं, आणि ती जिथे पोचतील तिथे अर्थ शोधतात. एलिक्सर भाषेत मॅक्रोतली व्हेरिएबल एरवी आपापल्या जागी राहतात, आणि वापरणाऱ्याच्या जागेत हात घालायचा असेल तर नावाला व्हार आणि उद्गारचिन्ह लावून तसं उघड लिहावं लागतं. मला ही उघडपणाची अट मोलाची वाटते. वाचणाऱ्याला ते चिन्ह दिसतं आणि तो सावध होतो, आपण ‘म्हणजे काल’ अशी पुस्ती जोडतो त्याच कारणाने. आमच्या भाषेतही अशी सोय आहे, आणि या बगनंतर मी तिचं दस्तऐवज पुन्हा लिहून काढलं. आधीच्या मजकुरात ती सोय काय करते हे होतं, कधी वापरू नये हे नव्हतं.

दुरुस्ती असलेली आवृत्ती निघाली तेव्हा मी त्या वापरकर्त्याला लिहिलं. चूक आमची होती, तुमचा कोड पहिल्यापासून बरोबर होता, आणि ‘रिकामं’च्या ओळीने काय होत होतं, ते सगळं सविस्तर. व-१७ आणि छत-१७ असलेला तो तुकडाही जोडला, कारण इतके दिवस त्याने ज्याचा माग काढला ते त्याच्या डोळ्यांनी बघण्याचा त्याला हक्क होता. तिरप्या तक्त्याचं चित्रही पाठवलं.

दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. शब्द फारसे नव्हते. त्याने आपल्या फाइलमध्ये केलेला बदल पाठवला होता: ‘धरा रिकामं = ०’ आणि शेजारची ‘काढू नका’, त्या ओळीपुढे काढून टाकल्याचं वजाचं चिन्ह. खाली प्रोग्रॅमचं उत्तर. १००.